नाक पुसलेल्या बकऱ्या

तुमच्या दारात सरकारी गाडी थांबली, त्यातून एक माणूस उतरला आणि त्याने विचारलं की तुमच्या घरात आजारी कोण आहे, तर तुम्ही खरं सांगाल का? लगेच हो म्हणू नका. आमच्या गावातही सगळे हो म्हणणारेच होते.

मी पशुसखी आहे. बकऱ्यांना जंताचं औषध पाजायचं, खुरं कापायची, लसीकरणाच्या दिवशी घरोघर फिरून जनावरं गोळा करायची आणि कुणी पाहुणा आला की एकसारखी साडी नेसून त्याच्या मागे फोटोत उभं राहायचं, ही माझी कामं. शेवटचं सोडून सगळी मला आवडतात. आमचं गाव पांढरकवड्यापासून फार लांब नाही. वारा तिकडून असला की हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. गावात कापूसवाले आहेत, आमची बौद्धांची वस्ती आहे, आणि नाला ओलांडून गेलं की कोलामांचं पोड, म्हणजे डोंगराच्या कुशीतली त्यांची वेगळी वस्ती.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहून ती वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे 'बंधू आणि भगिनींनो, जागे व्हा' हे वाक्य मला 'कमळ बघ' या वाक्याच्या आधी पाठ होतं. याचा परिणाम असा झाला की काहीही चुकीचं दिसलं की माझा हात कागदाकडे जातो. दुसरी माणसं अशा वेळी देवाचं नाव घेतात.

पोडावर एक मावशी आहे. रक्ताची नाही. माझी आई आणि ती एकाच शेतात कापूस वेचायच्या, तेवढ्यावर नातं ठरलं. तिच्याकडे शेत नाही, बकऱ्या आहेत. सकाळी त्यांच्या मागे डोंगराकडे जायचं आणि दिवस कलला की परत यायचं, असं तिचं आयुष्य चाललेलं असताना यंदा थंडी पडायला लागली आणि तिच्या बकऱ्या पडायला लागल्या. आधी एक चरायची थांबली. डोळ्यांना चिपडं आली, नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात फोड, मग हगवण, मग संपली. मग दुसरी. मग तिचं पिल्लू.

मी गेले तेव्हा मावशी दारात बसली होती.

"पोरी, ह्या गेल्या तं मी दिवसभर कोनाच्या मांगं चालू?" तिने विचारलं.

मी तिथूनच तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या साताऱ्याकडच्या, आमच्याकडे नव्याने आलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पीपीआर वाटतोय," त्या म्हणाल्या. "शेळ्यांचा साथीचा रोग. पण मला वाटून लस येत नाही."

"मग कशाने येते?"

"प्रयोगशाळेने सांगितलं तर. साठा थोडा आहे. जिथं रोग सिद्ध होईल तिथं आधी जाणार. नाकातला नमुना घ्यावा लागेल. ताप नुकताच आलाय आणि नाक वाहतंय अशा शेळीचा. ती काडी बर्फात ठेवून पाठवायची."

म्हणजे हिशेब सरळ होता. आजारी बकरीचा शेंबूड प्रयोगशाळेत पोचला तर लस येणार, आणि लस आली तर मावशीच्या उरलेल्या बकऱ्या वाचण्याची आशा. त्यात एक गाभण होती आणि मावशीचा सगळा जीव तिच्यात होता. शेंबूड पोचला नाही तर काही नाही. अख्ख्या लोकशाहीत शेंबडाला एवढं महत्त्व आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि अर्थातच मी पत्रक काढलं.

पत्रक चांगलं होतं. आजही म्हणते. 'ज्या बकरीचं नाक वाहते, डोळे चिकटतात, ती बकरी तपासणीला दाखवा.' जाड अक्षरात, खाली रेघ मारून. घरोघर वाटलं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवलं, पोडावरही वाचलं. लोकांनी माना डोलावल्या. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दोनदा पुकारा झाला.

आता तपासणीचा दिवस सांगते.

ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता. मॅडम, त्यांच्यासोबत दवाखान्याचा परिचर, आणि जिल्ह्याहून आलेले एक साहेब. साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल टाकलेला होता. परिचराने टेबलावर थर्माकोलचा डबा उघडला. आत बर्फ, बर्फात छोट्या नळ्या, नळीत गुलाबी पाणी. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळलेला. ती काडी बकरीच्या नाकपुडीत घालायची, फिरवायची आणि नळीत बुडवून झाकण लावायचं.

आणि समोर रांगेत आमच्या गावच्या बकऱ्या. मी त्यांना ओळखलंच नाही. सगळ्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. शिंगांना तेल. एकीच्या गळ्यात लाल मण्यांची माळ, एकीला कुंकू. शाम्पूचा वास असा सुटला होता की बकऱ्याच एकमेकींकडे संशयाने पाहत होत्या. आणि एकूणएक नाक स्वच्छ, कोरडं. रांगेच्या टोकाला एक काकू अजूनही आपल्या बकरीचं नाक एका कागदाने घासत होत्या. कागद ओळखीचा वाटला म्हणून जवळ गेले. माझं पत्रक होतं.

"काकू, हे काय करून राह्यल्या?"

"तूच लिवलं ना वं, नाक वाहते ते बकरी रोगाची," काकू म्हणाल्या. "मंग पुसलं. आता नाई वाहत."

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात सरपंच आले. आमच्या गावाच्या सरपंच खरं तर एक बाई आहेत, पण ही गोष्ट गावात फार जणांना माहीत नाही. सगळे त्यांच्या नवऱ्याला सरपंच म्हणतात आणि हाक मारली की तोही ऐटीत वळून पाहतो. बाई सही करतात आणि चहा पाठवतात. तर हे सरपंचपती आपला बोकड घेऊन आले. उंच, लांब कानांचा, पाठीवर झूल घातलेला. पुढच्या आठवड्यात तालुक्याला पशुप्रदर्शन होतं आणि हा बोकड पहिला येणार असं सरपंचपतींनी ठरवलं होतं. बोकडाचं मत कुणी घेतलं नव्हतं.

"मॅडम, बोहनी इथून करा," ते म्हणाले.

मॅडमनी बोकडाकडे पाहिलं. "आजारी आहे का हा?"

"आजारी?" सरपंचपतींचा चेहरा असा झाला की जणू मॅडमनी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. "आमच्या घरचं जनावर हाय ते. आमच्या घरी आजार नसते."

"मग याचा नमुना कशाला घेऊ?"

"मंग कोनाचा घेता? शेंबड्याचा?"

लोक खो खो हसले.

"हो," मॅडम म्हणाल्या. "शेंबड्याचाच."

हसणं थांबलं. ही बाई गंमत करत नाही हे लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांना तिची काळजी वाटायला लागली. एक म्हातारे काका काठी टेकत पुढे आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुमी नव्या आहा इकडं. ग्रेडरपुढं गाडी लावली तं वरतून कोनी कवडी ठेवते का?"

मॅडमना कळलं नाही. मला सगळं कळलं.

आमच्याकडे कापूस विकायला नेतात तेव्हा गाडी भरायची एक रीत आहे. खाली ओलसर, पिवळा पडलेला, पानं-काड्या लागलेला, ज्याला आम्ही कवडी म्हणतो. वर पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र. खरेदीवाला ग्रेडर येतो, वरून मूठ भरून घेतो, चिमटीत ओढून पाहतो आणि त्यावर गाडीची प्रत ठरते. हे ग्रेडरला माहीत असतं, गाडीवाल्याला माहीत असतं, बैलांनाही माहीत असावं. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं आहे, आणि त्यातून आमच्या हाडामांसात एक गोष्ट मुरली आहे. सरकारचा माणूस मूठ भरायला आला की वर पांढरं ठेवायचं. शाळा तपासायला आला की हुशार पोरं पुढच्या बाकावर. आरोग्यवाला आला की खोकणारा म्हातारा शेतात. आणि आज सरकार बकऱ्यांच्या नाकात मूठ घालायला आलं होतं, तेव्हा गावाने एकदिलाने वर पांढरं ठेवलं होतं. कवडी घरोघरच्या मागच्या गोठ्यात, दार लावून.

मॅडमनी आवाज चढवून विचारलं, "कुणाच्याच घरी आजारी शेळी नाही?"

"आमच्या नाई. त्याईच्या घरी हाय," एकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं.

"माह्या घरी? तुह्याच घरी खोकून राह्यली ते रातभर. आमाले झोप नाई."

"ते बकरी नोहे, माहा बाप खोकते."

"मंग बापालेच आन ना तपासाले."

असं अर्धा तास चाललं. तेवढ्यात गावातल्या प्रत्येक आजारी बकरीचा पत्ता आम्हाला मिळाला. फक्त तो प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या तोंडून मिळाला, आणि ज्याचा मिळाला त्याने छातीवर हात ठेवून नाकारला. मालकाने हो म्हटल्याशिवाय गोठ्याचं दार उघडता येत नाही.

शेवटी साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, उद्दिष्ट पूर्ण करून घ्या. नळ्या रिकाम्या परत गेल्या तर मला वर उत्तर द्यावं लागतं."

"सर, निरोगी शेळ्यांच्या नाकातून काय मिळणार?"

"निरंक मिळेल," साहेब म्हणाले, आणि हा शब्द उच्चारताना त्यांच्या तोंडावर जी शांती आली ती मी विहारातही क्वचित पाहिली आहे. निरंक म्हणजे काही नाही. काही नाही म्हणजे काही करायला नको. साथ नाही, धावपळ नाही, प्रदर्शन होणार, पाहुणे येणार. "निरंक आलं तर चांगलंच आहे ना. आपल्याला काय रोग पाहिजे आहे का?"

"मले पाहिजे," मी म्हणाले. "हाय तो पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडे पाहून परिचराला विचारलं, ही कोण. परिचर म्हणाला, पशुसखी. साहेबांनी मान अशी हलवली की जणू यावरून सगळं समजलं.

मग बोकडाची बोहनी झाली. काडी नाकात जाताच त्याने परिचराला ढुशी दिली, झूल मांडवाच्या दोरीत अडकली, साहेबांनी फोटो काढला. त्यामागून सगळी रांग. एकेक धुतलेलं नाक, एकेक काडी, एकेक नळी. बर्फातल्या रिकाम्या नळ्या कमी होत होत्या आणि मी मावशी कुठे दिसते का ते पाहत होते. पोडावरचं कुणीच आलं नव्हतं.

मी सरपंचपतींना विचारलं, "पोडाच्या बकऱ्या काहून नाई आल्या?"

"मीच सांगतलं, इकडं आनू नका म्हनून. त्याईच्या बकऱ्याईले रोग हाय. चांगल्या जनावराईत पसरन."

मॅडम वळल्या. "अहो, तपासणी रोगाचीच आहे."

"हो ना मॅडम," सरपंचपती शांतपणे म्हणाले. "पन इतक्या लोकात?"

मी आजवर बरीच पत्रकं वाचली आहेत आणि अन्यायाची बरीच वर्णनं पाठ आहेत. पण रोगाच्या तपासणीला रोग्यांनी येऊ नये, चांगलं दिसत नाही, असं इतक्या सभ्य आवाजात सांगितलेलं कुठे छापून आलेलं नव्हतं. माझ्या तोंडून बरंच काही निघालं असतं. पण मॅडमनी परिचराच्या हातातून काड्यांचं पाकीट काढून घेतलं होतं. "शिल्लक आहेत तेवढ्या नळ्या बर्फासकट एका डब्यात भर," त्या म्हणाल्या. "जनावर आजारी असेल तर आपण त्याच्या दारात जायचं असतं. पोड कुठं आहे?"

"गाडी जात नाही तिकडे," साहेब म्हणाले.

"माही स्कूटी जाते," मी म्हणाले.

शिल्लक होत्या फक्त दोन. छोट्या डब्यात बर्फ घालून मॅडमनी तो मांडीवर घेतला आणि आम्ही निघालो. नाल्यातल्या दगडांवर दोनदा उतरावं लागलं. मला एकच धाकधूक होती, मावशी डोंगराकडे निघून गेली तर नसेल.

ती होती. अंगण शेणाने सारवलेलं होतं. अंगणाच्या मध्यभागी, खुंट्याला बांधलेली, अंग पुसलेली, कपाळाला कुंकू लावलेली तिची गाभण बकरी उभी होती. ठणठणीत. नाक असं कोरडं की त्यावर अक्षर काढावं.

"मावशी," मी म्हणाले, "तू बी?"

"काय मी बी?"

"आजारी कुठी हाय?"

"कोन आजारी? हे पाय ना, किती चांगली हाय," असं म्हणून तिने बकरीच्या पाठीवर हात फिरवला. मग मला बाजूला ओढलं. "डॉक्टर कुठी हाय?"

"ह्याच हायेत."

मावशीने मॅडमना वरून खाली पाहिलं. "हे पोरगी? इचं तं अजून बोट नाई फिरलं कोन्या बकरीच्या पोटात."

"फिरलंय मावशी, पुष्कळदा," मॅडम म्हणाल्या.

पण मावशी आजारी बकरी दाखवायला तयार होईना. मी चिडले. म्हटलं, तुझ्यासाठी हे सगळं चाललं आहे, आणि तूच लपवतेस. तेव्हा ती खाली पाहून म्हणाली, "रोगाची म्हनून लिवून घेतलं तं मारून टाकतीन सगळ्या. कोंबड्याईचा रोग आला होता तवा खड्डा करून पुरल्या नाई का? चांगल्या बी पुरल्या."

गावात बकऱ्यांची नाकं का पुसली गेली त्याचं हे दुसरं अर्धं कारण होतं. दिखाऊपणा होताच, पण त्याखाली भीती होती, आणि ती कुणी उगाच कल्पून काढलेली नव्हती. सरकार कधी काडी घेऊन येतं आणि कधी फावडं घेऊन, हे लोकांनी ओळखायचं कसं? 'तुमची बकरी मारणार नाही' हे वाक्य कुणाच्याच कागदावर नव्हतं, माझ्याही नाही, जाड अक्षरातही नाही आणि बारीकही नाही.

मॅडम खाली बसल्या. मावशीच्या समोर, सारवलेल्या जमिनीवर. "कोंबड्यांचा रोग वेगळा, मावशी. या रोगात शेळ्या मारत नाहीत. आजारीवर इलाज करतात, चांगल्यांना लस देतात. मी स्वतः देणार."

"तुहा शब्द?"

"माझा शब्द."

मावशी उठली, आत गेली आणि एका पाठीला, म्हणजे कोवळ्या बकरीला, कवेत घेऊन आली. अंग तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले. पण नाक? नाक पुसून वर करंजीचं तेल लावलेलं. दोन्ही नाकपुड्या चकाकत होत्या.

"श्वास मोकळा व्हावा म्हनून," मावशी म्हणाली.

मॅडमनी डोळे मिटले, मग उघडले. ओल्या कापसाने तेल पुसून काढलं. "आता थांबावं लागेल."

"कायले?"

"नाक वाहायला."

मावशीने माझ्या कानात, पण सगळ्या पोडाला ऐकू जाईल असं विचारलं, "तालुक्याहून हे शेंबूड पाहाले आली का वं?"

"हो."

"सकाळपासून पुसून पुसून माहा पदर वला झाला. आता म्हनते वाहू दे. पयलेच सांगाले पाहिजे होतं कोनी तरी."

आणि आम्ही बसलो. एक सरकारी पशुवैद्यक, एक पशुसखी आणि बकऱ्यांची मालकीण, तिघी एका बकरीच्या नाकाकडे टक लावून. मावशीने कोरा चहा केला. तो पिताना मॅडमनी कोलाम लोक मोहाची फुलं कशी साठवतात ते विचारलं, मावशीने साताऱ्यात बकऱ्या काय खातात ते विचारलं. शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. काय चाललं आहे ते कळल्यावर त्यांनीही बसकण मारली. "आमच्या बकरीचं तं वाहूनच राह्यलं, बोलवा म्हटलं तं कोनी येत नाई," त्यातली एक कुरकुरली. पाठीने एकदा मान हलवली, सगळ्या पुढे झुकल्या, काही नाही. पुन्हा मागे. डब्यातला बर्फ वितळत होता आणि मॅडम सारख्या झाकण चाचपून पाहत होत्या.

मग पाठ शिंकली. थेट मॅडमच्या बाहीवर. मावशी शरमेने पदर घेऊन धावली, आणि मॅडम आणि मी एकाच सुरात ओरडलो, पुसू नका. एक काडी एका नाकपुडीत, दुसरी डोळ्याच्या कोपऱ्यातल्या चिकट पाण्यात. फिरवली, बुडवली, झाकण. दोन्ही नळ्या बर्फात गेल्या तेव्हा मॅडमच्या कपाळावर घाम होता. कुरकुरणाऱ्या बाईने विचारलं, माह्या बकरीचं? मॅडम म्हणाल्या, संपल्या नळ्या, बाई. ती नेहमीचंच असल्यासारखी उठून गेली.

गावात परतलो तर मोठा डबा बंद करायचा कार्यक्रम सुरू होता. साहेब, सरपंचपती आणि बोकड फोटोसाठी उभे होते. मॅडमनी दोन नळ्या डब्यात ठेवायला घेतल्या.

"हे राहू द्या ना मॅडम," सरपंचपती म्हणाले. "दोन नळ्याईपायी गावाचं नाव कायले खराब करता? प्रदर्शन बंद पडन, बाजार बंद पडन."

साहेब म्हणाले, "पुढच्या फेरीत पाहू. तोवर हे निरंक जाऊ द्या."

"पुढच्या फेरीपर्यंत पोडावर बकऱ्या राहतीन का, साहेब?" मी विचारलं. "का तेव्हा तठीबी निरंक?"

तेवढ्यात सरपंचपतींची बायको, म्हणजे आमच्या खऱ्या सरपंच, चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. पदर सारखा केला. आणि ग्रामसभेतही जो आवाज मी कधी ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाल्या, "आपल्या मांगच्या गोठ्यात दोन बकऱ्या हायेत. परवापासून पानी नाई पेल्या. नाक वाहून राह्यलं."

"तू घरात जाय," नवरा म्हणाला.

"घरातूनच आली. तठंच पाहून आली."

मग ज्या काकूंनी माझ्या पत्रकाने नाक पुसलं होतं त्या म्हणाल्या, माही बी एक. मग काठीवाले काका खाकरले, आमचीबी हाय एक, न्हाणीमांगं. मग दोघंतिघं एकदम. ज्याचा बाप खोकत होता त्यानेही कबूल केलं की बाप ठीक आहे. अख्ख्या गावाची कवडी वर यायला लागली. आणि मॅडम डब्यात पाहत उभ्या होत्या, कारण आता एकही नळी रिकामी नव्हती. सगळ्यांत ठणठणीत तब्येत भरलेली होती.

दोन नळ्या मात्र डब्यात गेल्या. मॅडमनी त्या सगळ्यांदेखत ठेवल्या, झाकण लावलं, चिकटपट्टी फिरवली आणि डबा साहेबांच्या हातात न देता स्वतः घेऊन गाडीत बसल्या.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना मला राग आवरत नाही.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. मावशीच्या शिंकलेल्या पाठीच्या दोन्ही नळ्यांत रोग. गावाच्या सगळ्या नळ्या स्वच्छ. लस आली, मॅडमनी शब्द पाळला, पहिल्या दिवशी पोडावर गेल्या आणि मावशीच्या उरलेल्या बकऱ्यांना स्वतःच्या हाताने टोचलं. मग गावात. जी पाठ शिंकली होती ती लशीचा डबा येण्याच्या आदल्या दिवशी गेली. सरपंचबाईंच्या दोन्ही गेल्या. गाभण बकरी जिवंत आहे. पोट खाली आलं आहे, आता कधीही विईल.

प्रदर्शन पुढे ढकललं गेलं, बाजारात बकऱ्या आणायला बंदी आली. आणि मग गावाला कुणीतरी दोषी हवा होता, तर तो आयता मिळाला. कागदावर लिहिलेलंच होतं ना, गाव स्वच्छ, पोड बाधित. मांडवात स्वतःच्या तोंडाने कबूल केलेली माणसं आठवडाभरात सांगू लागली की रोग पोडातून आला. ज्यांच्या गोठ्यात पोडाच्या आधीपासून बकऱ्या खोकत होत्या तेही सांगू लागले. आता पोडाच्या बकऱ्यांना गायरानात यायला मनाई आहे आणि तळ्यावर पाणी पाजायला मनाई आहे. लेखी काही नाही. नुसती माणसं काठ्या घेऊन उभी असतात. मावशीच्या बकऱ्या वाचल्या, त्यांच्या मागे चालायला ती आहे, फक्त चालायला जागा ठेवलेली नाही. गाभण बकरीला ती डोक्यावरून पाला आणून घालते.

मी सरपंचबाईंना विचारलं, आता काय करायचं. त्या म्हणाल्या, येत्या ग्रामसभेत मी पोडाचा विषय घेते, पण बोलाले कोनी तरी उभं राह्याले पाहिजे. मी एकटी बोलली तं म्हनतीन, बाईचं डोकं फिरलं.

म्हणून हे लिहिते आहे, आणि आता तुम्हाला काम सांगते. तुम्ही आमच्या गावचे असाल तर या ग्रामसभेला या. पहिल्या रांगेत बसा. विषय निघाला की उभे राहा आणि 'माझ्या घरची बकरी आजारी होती, पोडाचा रस्ता मोकळा करा' एवढं एक वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. तुम्ही दुसऱ्या कुठल्या गावचे असाल तर तिथेही एखादी वस्ती अशीच नाल्यापलीकडे असेल. तिला तळ्यावर अडवायला कोण काठी घेऊन उभं आहे ते उद्या जाऊन पाहा, आणि त्याला बाजूला व्हायला सांगा.